माशांच्या टाकीतला २२० रुपयांचा डबल स्पंज फिल्टर, दोन वर्षं वापरून झाल्यावर

पाकीट उघडलं तेव्हा मुलगा म्हणाला, आई हे तर भांडी घासायचं आहे. आणि दिसायला खरंच तसंच आहे. मुठीएवढे दोन काळे गोल स्पंज, ते ज्यावर बसतात ती जाळीदार आडवी नळी, मधून वर जाणारी एक उभी पाईप, काचेला चिकटायला दोन सक्शन कप, संपलं. ना वायर, ना मोटर, ना कुठल्या कंपनीचं नाव, पाकिटावर नुसता एक निळा मासा छापलेला. २२० रुपयांना घेतला. हवेचा पंप वेगळा घ्यावा लागतो, तो दोन तोंडांचा घेतला ४५० ला, नळी धरून सगळं मिळून सातशेच्या आसपास बसलं. आता ह्याला दोन वर्षं होऊन गेली, मधे अजून दोन घेतले, त्यामुळे एवढं छातीठोक सांगते की आमच्या टाकीत पैशाने सगळ्यात लहान आणि कामाने सगळ्यात मोठी वस्तू हीच आहे.

ह्याच्या आधी काय होत होतं ते सांगितल्याशिवाय हे पटणार नाही.

आमची टाकी दोन फुटी, २४ बाय १२ बाय १२ इंच, काठोकाठ भरली तर ५६ लिटर, पण खालची वाळू आणि वरची दोन बोटं सोडली तर ४५ लिटरच्या आसपास पाणी राहतं. ती घेतली तेव्हा दुकानदाराने सोबत आत बुडवायचा, मोटरवर चालणारा पॉवर फिल्टर दिला होता आणि बजावून सांगितलं होतं की दर रविवारी फिल्टर उघडायचा, त्यातला स्पंज नळाखाली ब्रशने घासून अगदी नव्यासारखा करायचा, सगळं पाणी बदलायचं, मूठभर मीठ आणि निळ्या औषधाचे चार थेंब टाकायचे. आम्ही अक्षरशः तसंच केलं. दर रविवारी. आणि दर दुसऱ्या तिसऱ्या आठवड्याला मासे मरायचे. आधी दिवसभर वर येऊन तोंड उघडझाप करत राहायचे, मग एका कुशीवर तिरके, मग सकाळी तळाला. मुलगा शाळेतून आला की आधी टाकीपाशी जाऊन मासे मोजायचा. एकदा मोजून झाल्यावर काही न बोलता दप्तर ठेवून आत निघून गेला, ते मला अजून आठवतं. दुकानात जाऊन विचारलं की उत्तर ठरलेलं, तुम्ही नीट धूत नसाल, अजून स्वच्छ ठेवत जा.

चूक नेमकी उलटी होती. मासा शी करतो, कल्ल्यांवाटेही अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजतं त्याचाही अमोनिया होतो आणि अमोनिया म्हणजे माशाला विष. ते विष संपवणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारीच, मग दुसरी जात त्या नायट्राइटचं नायट्रेट करते, जे थोडंफार असलं तरी माशाला सोसतं आणि पाणी बदललं की निघून जातं. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पायरा अशी त्यांची नावं वाचली होती. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात, कशाला तरी चिकटून राहतात, आणि जिथून सतत प्राणवायूवालं पाणी वाहतं तिथे जास्त, म्हणजे फिल्टरच्या स्पंजात. नवीन टाकीत त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आणि आम्ही दर सातव्या दिवशी ती वस्ती क्लोरीनच्या पाण्याखाली ब्रशने खरवडून काढत होतो. टाकी दीड वर्षाची झाली तरी तिच्यासाठी रोजचा दिवस पहिलाच होता.

त्यात आमचं पाणी. छत्रपती संभाजीनगरला राहणाऱ्यांना सांगायला नको, जायकवाडीचं पाणी रोज येत नाही, मधे किती दिवस जातील त्याचा नेम नाही, आलं की आधी ड्रम भरायचे, आणि नसेल तर टँकर किंवा बोअर. बोअरचं पाणी चांगलंच जड, पीएच ८ च्या पुढे. आता ह्यात एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात की तोच अमोनिया पीएच ७ ला तेवढा घातक नसतो जेवढा ८ ला असतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला शेकडा एकाहून कमी भाग विषारी रूपात असतो, ८ झाला की तोच शेकडा पाचपर्यंत जातो. म्हणजे ज्या चुका दुसऱ्या गावात मऊ पाण्यात कदाचित खपून जातील त्या आमच्याकडे खपत नाहीत. आणि पाणीच मोजून मापून असताना दर आठवड्याला ४५ लिटर ओतून द्यायचं, तेही मासे मारण्यासाठी, ह्याचं मला आज फार वाईट वाटतं.

तर चौथ्यांदा टाकी रिकामी झाल्यावर मी दुसऱ्याच एका दुकानात गेले, अगदी छोटं, पुढे पिंजरे आणि मागे अंधारात टाक्या. बघितलं तर त्यांच्या एकूण एक टाकीत हेच काळे स्पंज, बुडबुडे काढत बसलेले, एकही पॉवर फिल्टर नाही. दुकानातले काका म्हणाले, ताई, हा न्या, पण एक कबूल करा, ह्याला धुवायचं नाही, पिळायचं. मग त्यांनी त्यांच्या टाकीतला एक जुना स्पंज काढला, एका पिशवीत पिळला आणि ते चहासारखं तपकिरी, जिवाणूंनी भरलेलं पाणी मला दिलं, म्हणाले हे घरी टाकीत ओता, घाण दिसेल पण घाबरू नका. त्याचे पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते बघून डोक्यालाच हात लावला, की एवढी घासून काढलेली टाकी आणि त्यात हे गटारासारखं पाणी. दोन तासात सगळं खाली बसलं, पाणी नितळ झालं.

तरी घाई केली नाही. दोनच गप्पी सोडल्या आणि थेंबांच्या टेस्ट किटने दर दोन दिवसांनी अमोनिया तपासत राहिले, नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर शून्य, हिरवट झालं तर आहे. पहिले दहा बारा दिवस फिकट हिरवं यायचं, तेव्हा पाव टाकी पाणी बदलायचं. नंतर एक दिवस स्वच्छ पिवळं आलं आणि मग पिवळंच येत राहिलं. मुलाने त्या दिवशी नळी खिडकीपाशी धरून आजीला नेऊन दाखवली.

चालतो कसा ते समजलं की बसवताना चूक होत नाही. पंपाची हवा नळीतून उभ्या पाईपच्या तळाशी सोडायची. पाईपमधलं पाणी बुडबुड्यांमुळे हलकं होतं, हलकं झालं की वर चढतं, त्याची जागा घ्यायला बाहेरचं पाणी स्पंजातून आत ओढलं जातं. एवढंच. पाण्यात फिरणारा एकही भाग नाही त्यामुळे आत बिघडण्यासारखं काहीच नाही, बिघडला तर बाहेरचा पंप बिघडतो. पाईप जितकी उंच तितकी ओढ चांगली, पण तिचं तोंड पाण्याच्या पातळीपाशीच संपलं पाहिजे. माझी पाईप चार बोटं वर येत होती आणि कारंज्यासारखं पाणी उडून झाकणावर पांढरे डाग पडायला लागले, जड पाण्याचे डाग कपड्याने निघत नाहीत, व्हिनेगरने काढावे लागतात, मग हॅक्सॉ ब्लेडने पाईप कापली आणि प्रश्न मिटला. दुसरं म्हणजे आत एक छोटा एअर स्टोन, म्हणजे बारीक छिद्रांचा दगड, बसवा, दहा पंधरा रुपयांचा. त्याच्याशिवाय मोठे मोठे बुडबुडे भक भक करत निघतात, आवाज होतो आणि पाणी कमी चढतं. स्टोन टाकला की बारीक बुडबुड्यांची सलग धार लागते. नवा स्पंज पहिल्यांदा टाकीत टाकला की तरंगतो, त्यात खराबी काही नसते, आत हवा अडकलेली असते, पाण्याखाली धरून पाच सहा वेळा पिळायचा.

आणि चेक व्हॉल्व्ह. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. चाळीस रुपयांची प्लास्टिकची चकती असते, हवेच्या नळीत मधे बसवायची, म्हणजे हवा पुढे जाते पण पाणी उलटं येत नाही. मला माहीत नव्हतं आणि मी पंप टाकीखालच्या कपाटात ठेवला होता, दिसायला नको म्हणून. जून महिन्यात वादळात लाईट गेली, पंप बंद, आणि नळीतून पाणी उलटं ओढलं जाऊन खालच्या पंपातून बाहेर यायला लागलं. आम्ही झोपलेलो. पहाटे पाय ठेवला तर फरशी ओली, टाकी पाव रिकामी आणि एक्स्टेन्शन बोर्ड पाण्यात. लाईट आलेली नव्हती हे नशीब, नाहीतर काय झालं असतं त्याचा विचारही करवत नाही. तेव्हापासून दोन गोष्टी पाळते, पंप टाकीच्या पातळीच्या वर फळीवर, आणि तरीही नळीत चेक व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हवर बाण असतो, तो टाकीकडे पाहिजे, बाण नसेल तर तोंडाने फुंकून बघायचं, ज्या बाजूने हवा जाते ती बाजू पंपाकडे. वर्षाकाठी एकदा बदलून टाका, आतलं रबर कडक होतं.

आता ज्याच्यासाठी मी हा फिल्टर कधीच बदलणार नाही ते. सहा महिन्यांनी आम्ही एक वेगळी एक फुटी टाकी लावली, फक्त लाल चेरी श्रिंपसाठी, तीच ती नखाएवढी तांबडी कोळंबी. दहा आणल्या. त्यांची मादी पोटाखाली पंचवीस तीसपर्यंत अंडी घेऊन फिरते, पिवळसर दाणे, आणि पोटाखालच्या बारीक पायांनी त्यांना सारखी हवा घालत असते, हे भिंगातून एकदा बघाच. साधारण चार आठवड्यांनी पिल्लं निघतात, दोन मिलिमीटरची, आईबापासारखीच हुबेहूब, फक्त काचेसारखी आरपार. एवढं पिल्लू पॉवर फिल्टरच्या जाळीतून सरळ आत खेचलं जातं, माझ्या एका मैत्रिणीकडे फिल्टर उघडला तेव्हा आत सापडली होती ती. स्पंजात ती ओढली जाऊच शकत नाहीत. उलट स्पंज हे त्यांचं ताट आहे. त्यावर जो बारीक थर जमतो, शेवाळ, जिवाणू, कुजलेल्या खाण्याचे कण, ते दिवसभर चिमट्यासारख्या पायांनी उचलून तोंडात घालत असतात, डावा उजवा डावा उजवा, थांबणं नाही. रात्री मोबाईलची बॅटरी मारली तर काळ्या स्पंजावर तीस चाळीस लाल ठिपके, आणि मधे मधे धुळीसारखी हलणारी पिल्लं. मुलाचा अभ्यास झाल्यावर आम्ही दोघं दहा मिनिटं तिथे बसतो.

सोबत थोडं जावा मॉस, म्हणजे पाण्यातलं शेवाळासारखं झाड, आणि कॉलनीतल्या देशी बदामाची गळून वाळलेली पानं टाकते, उकळून घेऊन, त्यावरही ती बसतात. रॅम्सहॉर्न गोगलगाई आपोआप आल्या, झाडांसोबत. त्यांचा लोक राग करतात, मी करत नाही, उरलेलं खाणं त्या संपवतात, आणि त्या अचानक फार वाढल्या तर समजायचं की आपण खाणं जास्त टाकतोय. आमच्या जड पाण्याचा इथे फायदाच झाला, कवच असलेल्या जिवांना कॅल्शियम लागतं. श्रिंप कात टाकते तेव्हा ते रिकामं पारदर्शक कवच तळाशी पडलेलं दिसतं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं मेली. ते काढू नका, त्या स्वतःच खातात. माशांचंही तसंच, गप्पी, मॉली, प्लॅटी ह्यांना जड पाणी मानवतं, निऑन टेट्राच्या मागे लागून मी आधी बरेच मासे घालवले, आता लागत नाही. फक्त गप्पी आणि श्रिंप एकत्र ठेवले तर पिल्लं वाचत नाहीत, तोंडात मावेल ते मासा खातो.

धुण्याची, म्हणजे पिळण्याची पद्धत. तीन चार आठवड्यांनी बुडबुडे मंद झाले किंवा स्पंज फारच फुगीर दिसायला लागला की टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं आणि त्या पाण्यात स्पंज पाच सात वेळा दाबायचा. नळ नाही, साबण नाही, ब्रश नाही. डबल स्पंजचा फायदा हा की एका वेळी एकच पिळायचा, दुसरा पुढच्या वेळी, म्हणजे अर्धी वस्ती कायम शाबूत. पिळल्यावरही तो तपकिरीच दिसतो, तसाच परत लावायचा. आई पहिले काही महिने म्हणायच्या, अगं काळं पडलंय ते, धुऊन टाक की. मी त्यांना म्हटलं, आई, आपण विरजणाचं भांडं कधी पूर्ण घासून टाकतो का, चमचाभर राखूनच ठेवतो ना. त्यांना एकदम पटलं. आता त्या स्वतःच पाहुण्यांना सांगतात की त्याला हात लावू नका, ते विरजण आहे. बादलीतलं काळं पाणी कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला जातं, कढीपत्ता तर असा वाढलाय की शेजारचे मागून नेतात. पाणी आता आठवड्याला दहा बारा लिटरच बदलते, ड्रममधलं, एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडू दिलेलं, आणि नळाला पाणी आलं नाही तर दोन आठवड्यांवरही गेलंय कधी, मासे ठीक होते.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं कारण मराठवाड्यातला मे महिना म्हणजे घरात ठेवलेलं पाणीसुद्धा ३२, ३३ अंशाला जातं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, २५ अंशाला लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या वर, ३५ ला सातच्या खाली, आणि त्याच वेळी माशाला मात्र जास्त लागतो. इथे हा फिल्टर दुहेरी काम करतो. बुडबुडे वर फुटून पाण्याची कातडी सतत हलवत राहतात आणि हवा मुख्यतः तिथूनच पाण्यात शिरते. सोबत झाकण काढून वर छोटा टेबल फॅन सोडला तर पाणी दोन तीन अंशांनी उतरतं, बाष्पीभवनाने, माठासारखंच. पातळी मात्र रोज घटते, ती भरत राहायची. बर्फ टाकू नका, एकदम उतरलेलं तापमान श्रिंपला सोसत नाही.

लाईट गेली तर हा पंप तीन चार वॅटचा आहे, इन्व्हर्टरवर रात्रभर चालला तरी कळत नाही. महिन्याचा हिशोब केला तर तीन वॅट गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस, दोन युनिटच्या थोडं वर. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी मोबाईलच्या पॉवर बँकवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवा, मी घेतलाय, खेडेगावी किंवा जिथे भारनियमन आहे तिथे तर हवाच. पाणी थांबलं की स्पंजातल्या जिवाणूंनाही प्राणवायू मिळत नाही आणि तेही मरायला लागतात, ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तास दोन तासाने काही होत नाही. दिवसभर बंद राहिला तर आधी स्पंज बादलीत पिळून मगच सुरू करा.

आणि ह्याच पंपाची एक बाजू आहे जी मला फार महागात पडली. पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. म्हणजे खोलीत जे काही हवेत असेल ते सगळं. मागच्या पावसाळ्यात डासांसाठी गल्लीत धुराची फवारणी आली, संध्याकाळची वेळ, खिडक्या मी पटापट लावल्या पण तरी बराच धूर आत आला होता, आणि पंप बंद करायचं सुचलंच नाही. तासाभरात श्रिंप वेड्यासारख्या वरखाली पळायला लागल्या, मग पाठीवर पडून पाय हलवायला लागल्या. रात्री दोनदा अर्धं अर्धं पाणी बदललं. सकाळी ज्या जिवंत दिसल्या त्या मोजल्या, अकरा. आदल्या दिवशी पन्नासच्या वर होत्या. डासांच्या औषधांमधे पायरेथ्रॉइड जातीची रसायनं असतात, माणसाला त्या प्रमाणात सहसा काही होत नाही, पण माशांना ती घातक आणि श्रिंपसारख्या जिवांना तर अगदी थोडीसुद्धा पुरते, कीटक आणि कोळंबी तसे नात्यातलेच. मच्छर अगरबत्ती, प्लगमधे लावायचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे, सगळं ह्यातच आलं. आता फवारणीचा आवाज ऐकू आला की घरातलं कुणीही असो, आधी पंपाचं बटण बंद, मग टाकीवर ओला टॉवेल, मग खिडक्या, आणि धूर पूर्ण जाईपर्यंत तासभर तरी पंप बंदच. श्रिंपच्या खोलीत आम्ही मच्छरदाणी लावतो, औषध काहीच नाही. औषधांवरून आठवलं, माशांच्या रोगावरच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, श्रिंप आणि गोगलगाई असलेल्या टाकीत ती टाकायची नाहीत, आजारी मासा वेगळ्या डब्यात काढून औषध द्यायचं. अकराच्या आता परत साठ सत्तर झाल्या आहेत, पण ती रात्र विसरत नाही.

खटकणाऱ्या गोष्टी सांगते. जागा खातो, एक फुटी टाकीत तर पाव भिंत ह्यानेच भरलेली दिसते, काळा रंग म्हणून झाडांमागे लपतो तरी. सक्शन कप आठ महिन्यांत कडक झाले आणि फिल्टर एका सकाळी तरंगताना दिसला, आता खाली एक चपटा दगड धाग्याने बांधलाय, शक्य असेल तर वजनदार बूड असलेलाच मागा, चाळीस पन्नास रुपये जास्त पडतात पण कटकट जाते. आवाज आहे, नाही असं म्हणणार नाही, पाण्याचा नाही तर पंपाचा, लाकडी फळीवर ठेवला की घुंगुरघुंगुर सुरू होतं. जुन्या टॉवेलची चौपदरी घडी खाली घातली आणि भिंतीला टेकू दिला नाही की बराच कमी होतो. पंपाच्या आतला रबरी पडदा माझा दीड वर्षात फाटला, हवा अचानक निम्मी झाली, दुकानात नवा पडदा मिळाला, स्क्रू काढून दहा मिनिटांत बसवला. तळावरची मोठी घाण हा उचलत नाही, ती नळीने ओढून काढावी लागते. आणि पाणी स्फटिकासारखं चमकणारं हवं असेल, बारीक कणसुद्धा नको असेल, तर ते ह्याच्याने होत नाही, ह्याचं काम वेगळं आहे.

गोल्डफिश असतील तर हा एकटा पुरणार नाही. ते खातात खूप, घाण करतात खूप, त्यांना मोठी टाकी आणि मोठा फिल्टरच पाहिजे. चार फुटी टाकी असेल तरी असे दोन तीन लावण्यापेक्षा दुसरं काही बघा. पण गप्पी, मॉली, फायटर, श्रिंप, पिल्लांची टाकी, एक ते अडीच फुटांपर्यंत, तिथे डोळे झाकून घ्या. फायटरला तर फारच मानवतो, त्याला जोरात वाहणारं पाणी नको असतं, शेपटी ओढली जाते. हवेच्या नळीत कॉक, म्हणजे छोटी चावी, घालून हवा कमी केली की हा अगदी हळू चालतो.

पाचपैकी साडेचार. अर्धा सक्शन कपचा कापला.

सध्या श्रिंपच्या टाकीत जुन्याच्या मागे एक कोरा स्पंज फिल्टर लावून ठेवलाय, जालन्याच्या नणंदेसाठी. तिच्या मुलीला वाढदिवसाला टाकी घेतली आहे, अजून रिकामीच आहे, मी सांगितलंय महिनाभर थांब. स्पंज आता हलका तपकिरी झालाय, पिल्लं त्यावर चढायला लागली आहेत. दिवाळीला ती आली की पिशवीत टाकीचंच पाणी भरून, त्यात बुडवून द्यायचा, त्याच्यावरची पिल्लं आधी झटकून इथेच ठेवायची, आणि जालन्याला पोचल्या पोचल्या आधी फिल्टर लावायचा मग चहा. हे तिला तीनदा सांगून झालंय, भाचीने वहीत लिहून घेतलंय.